घोटभर : खर्ड्याची मिजास आणि मिरचीची बिअर

गेल्या अंकात भाजक्या हिरव्या मिरचीच्या बिअरबद्दल मी चार ओळी लिहिल्या होत्या. चारच. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळी दुसरा विषय घ्यायची सोय उरली नाही. नवीन वाचकांसाठी सांगते : मी मूळची गडहिंग्लजची, वडिलांची सुक्या मिरचीची अडत होती. गेली बावीस वर्षं न्यू मेक्सिकोत अल्बुकर्कीला राहते, पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करते आणि शनिवार-रविवारी गॅरेजमध्ये बिअर बनवते. पत्रं जागेअभावी थोडी कापली आहेत. एका पत्रातल्या शिव्या मात्र जागा असूनही कापल्या.

प्रश्न : ताई, मी सांगलीचा, सध्या सिअॅटलला. घरात रोज खर्डा लागतो. ऑफिसातल्या मित्रांनी हाबानेरो मिरचीची आयपीए (इंडिया पेल एल, एक कडवट बिअर) प्यायला दिली. पहिल्या घोटाला काहीच लागलं नाही. म्हटलं, यांचं तिखट म्हणजे आपलं वरण. अर्धा ग्लास गटागट संपवला आणि मग घसा असा पेटला की डोळ्यांतून धारा. सगळे हसले. दोष बिअरमध्ये होता की माझ्यात?

उत्तर : दोष मिजाशीत होता. रागावू नका, या शाळेत मी तुमच्या आधी नापास झाले आहे. इथे आल्यावर दुसऱ्याच वर्षी डेन्व्हरला एका बिअर महोत्सवात गेले होते. तिथे प्रत्येक टेबलावर जेमतेम दोन चमचे बिअर ओततात. भूत जोलोकिया मिरची घातलेल्या बिअरच्या टेबलावरचा पोरगा म्हणाला, जपून. मी त्याला म्हटलं, बाळा, मी मिरचीच्या पोत्यांवर झोपलेली आहे, नीट ओत. त्याने नीट ओतली. पुढची वीस मिनिटं मी एका खांबाला टेकून उचक्या देत होते, आणि आमचे अकोल्याचे पतिराज शेजारी उभे राहून ‘तुमचा खर्डा म्हणजे आमच्याकडच्या ठेच्याची धाकटी बहीण’ असं ऐकवत होते.

झालं काय, तर खर्डा आपण नुसता खात नाही. त्याच्यासोबत भाकरी असते, शेंगदाणा असतो, वरून तेलाची धार असते. मिरचीतलं झोंबणारं द्रव्य, कॅप्सेसिन, तेला-तुपात आणि मद्यार्कात विरघळतं, पाण्यात जवळजवळ नाही. जेवताना बरंचसं तेलात अडकून पोटात जातं. बिअरमध्ये त्याला धरून ठेवणारं काहीच नसतं. शिवाय जिभेवर आणि घशात टीआरपीव्ही-१ नावाचं एक प्रथिन असतं, त्याचं काम खरं म्हणजे चटका ओळखायचं. डेव्हिड ज्युलियस या शास्त्रज्ञांनी १९९७ साली ते कॅप्सेसिनच्याच मदतीने शोधलं आणि २०२१ च्या वैद्यकाच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. कॅप्सेसिन या प्रथिनाला जाऊन चिकटलं की ‘भाजलं, भाजलं’ असा निरोप मेंदूला जातो. मद्यार्काने हेच प्रथिन आणखी हळवं होतं, म्हणजे एरवी ज्या उबेला ते गप्प बसेल त्या उबेलाही ओरडतं. त्यात बिअरचे बुडबुडे स्वतःच थोडे झोंबरे.

मग पहिल्या घोटाला काहीच का नाही? कारण बिअर थंडगार होती. थंडीने हा सगळा गोंधळ काही क्षण दबतो. घोट गिळला, तोंड पुन्हा गरम झालं, की मागून स्वारी येते. तेवढ्यात तुम्ही दुसरा, तिसरा, चौथा घोट घेऊन मोकळे झालेले असता. चार घोटांचं बिल एकदम आलं, एवढंच.

पुढच्या वेळी असं करा. आधी ग्लासात नाक घाला. हाबानेरोला पिकलेल्या जर्दाळूसारखा वास असतो, जरासा फुलांच्या अंगाने जाणारा. तो आला नाही तर त्या बिअरवाल्याने नुसती आग विकत घेतली, मिरची नाही. मग चमचाभर घोट, तोंडभर फिरवून गिळायचा आणि मनातल्या मनात तीसपर्यंत मोजायचं. आग कुठे लागते तेही बघा : ओठाला, जिभेच्या शेंड्याला, की पडजिभेमागे. आणि ती विझायला लागली की खाली माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) आणि हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) यांची चव शिल्लक आहे का? नसेल तर ग्लास खाली ठेवा. किती सोसलं याला इथे गुण नाहीत. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत असतात, मान्य आहे.

प्रश्न : आम्ही पुण्यातले पाच मित्र. इथे ताजी क्राफ्ट बिअर मिळते, पण मिरचीची क्वचितच. घरी बसून चाखायचं म्हटलं तर कसं जमवावं? घरीच बनवावी का?

उत्तर : बनवू नका. इथे अमेरिकेत घरी बिअर बनवायला १९७८ च्या कायद्याने मोकळीक दिली, तुमच्याकडे परवान्याशिवाय ते चालत नाही. पण तुम्हाला बनवायची गरजच नाही. मिरचीचा अर्क करा.

लहान काचेच्या तीन बरण्या घ्या. प्रत्येकीत ५० मिलिलिटर साधी व्होडका. एकीत दोन ब्याडगी, दुसरीत एक लवंगी, तिसरीत एक संकेश्वरी. (संकेश्वरी नाही मिळाली तर मला पत्र पाठवून हळहळ व्यक्त करा, दुसरा उपाय नाही.) मिरच्यांचे देठ काढा, मधून उभ्या चिरा, कोरड्या तव्यावर अगदी हलक्या शेका. ठसका लागला की पुरे. गार झाल्या की व्होडकात टाका आणि झाकण लावून दोन-तीन दिवस अंधारात ठेवा. ब्याडगीची बरणी दुसऱ्या दिवशीच लालसर दिसेल. लवंगीची फिकट राहील, आणि तिलाच भ्यायचं. नंतर गाळून घ्या.

आता एक साधी गव्हाची बिअर आणि एक स्टाऊट (काळी, दाट बिअर) आणा. प्रत्येकाच्या ग्लासात १०० मिलिलिटरपेक्षा जास्त ओतू नका. पहिला ग्लास कोरा प्या, नाहीतर मिरचीने काय केलं हे कळायचं नाही. मग ड्रॉपरने ब्याडगीचे पाच थेंब टाका, ढवळा, वास घ्या, घोट घ्या. मग संकेश्वरी. लवंगी सर्वांत शेवटी, आणि तीही एक-एक थेंबाने. उलटा क्रम लावलात तर ब्याडगी बिचारी पाण्यासारखी लागेल, आणि ती तशी नाही.

बिअर बर्फासारखी थंड नको. फ्रीजमधून काढून दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवा, तरच वास सुटतो. मध्ये तोंड साफ करायला पाणी उपयोगाचं नाही, ते आग फक्त सगळीकडे पसरवतं. दह्याची वाटी ठेवा. दुधातलं केसिन कॅप्सेसिनला धरून नेतं. सोबत कोरडा पाव. चकली-शेव लांब ठेवा, त्यातही तिखट असतं आणि मग कुणाचं तिखट कुणाच्या नावावर हे समजत नाही.

माझा अंदाज सांगते : गव्हाच्या बिअरमध्ये तुम्हाला संकेश्वरी आवडेल, स्टाऊटमध्ये ब्याडगी. भाजलेल्या माल्टला चॉकलेट-कॉफीची चव असते आणि ब्याडगीला सुक्या फळाची, दोघींचं पटतं. आयपीएचा नाद पहिल्या बैठकीत नको. हॉप्सचा कडवटपणा आणि मिरचीची आग एकाच जागी येऊन बसतात आणि एकमेकींना चढवतात. सॅन डिएगोच्या बॅलास्ट पॉइंट या ब्रुअरीने आपल्या स्कल्पिन आयपीएत हाबानेरो घालून ते साधलं, पण कारण त्या आयपीएला मुळात फळांचा वास होता आणि हाबानेरोने तोच धागा उचलला. कुठल्याही कडू बिअरमध्ये कुठलीही मिरची घालून ते होत नाही.

प्रश्न : एका जुन्या बाटलीत अख्खी मिरची तरंगताना पाहिली होती. ती खायची असते का?

उत्तर : ती बाटली बहुधा अॅरिझोनातल्या केव्ह क्रीक गावची. प्रत्येक बाटलीत एक सेरानो मिरची घालायचे. १९९० च्या दशकात ती भेट म्हणून खूप खपली. प्यायली किती गेली ते वेगळं. मी एकदा ती मिरची खाल्ली आहे. लोणच्याच्या बरणीतून आंबटपणा काढून घेतल्यावर जे उरेल, ते. खाऊ नका असं म्हणत नाही.

प्रश्न : नागपूरहून लिहितो. परदेशातून आणलेल्या एका बाटलीवर ‘दहा लाख स्कोव्हिल’ असं लिहिलं होतं. प्यायलो, तर आमच्या सावजीच्या रश्श्याइतकीही तिखट नाही. ही फसवणूक नाही का?

उत्तर : आकडा खोटा नसेल, पण तो बिअरचा नाही, मिरचीचा आहे. विल्बर स्कोव्हिल या अमेरिकन औषधशास्त्रज्ञाने १९१२ साली तिखटपणा मोजायची ही पद्धत काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचा आणि चाखणाऱ्यांना तिखट लागेनासं होईपर्यंत किती पट पातळ करावा लागला ते मोजायचं. आता यंत्राने कॅप्सेसिन मोजतात, नाव तेच राहिलं. जलापेन्यो २,५०० ते ८,००० च्या घरात, हाबानेरो लाख ते साडेतीन लाख. दहा लाखांच्या वर गेलेली पहिली मिरची म्हणून २००७ साली गिनीज बुकाने नोंद केली ती आपल्या ईशान्येकडच्या भूत जोलोकियाची, १०,०१,३०४. आणि ती मोजली गेली कुठे, तर माझ्या घरापासून तीन-सव्वातीन तासांवर, लास क्रूसेसच्या न्यू मेक्सिको स्टेट युनिव्हर्सिटीत.

पण या मिरच्या हजार लिटरच्या टाकीत मूठभर पडल्या तर बाटलीत किती उतरणार? विहिरीत हिंगाची पुडी. त्या पद्धतीचाच अर्थ पातळ करणं असा आहे आणि बिअरवाल्याने नेमकं तेच केलं. बाटलीवर आकडा मोठा आणि मिरचीचं नाव लहान असेल तर मी ती परत फळीवर ठेवते. मिरचीचं नाव, ती ताजी, सुकी की भाजलेली, आणि बिअरचा प्रकार, या तीन गोष्टी छापलेल्या असतील तर पैसे टाकायला हरकत नाही.

प्रश्न : कोल्हापूर. मिसळ आणि मिरचीची बिअर, कसं वाटतं?

उत्तर : वाईट. कटावर आणखी तिखट कशाला? मिसळीबरोबर गव्हाची बिअर घ्या, कमी कडू, थोडी गोडसर.

मिरचीची बिअर गोडाबरोबर द्या. साउथ कॅरोलायनातल्या वेस्टब्रुक ब्रुअरीची मेक्सिकन केक म्हणून एक जड स्टाऊट आहे, तिच्यात कोको, व्हॅनिला, दालचिनी आणि हाबानेरो. दोन वर्षांपूर्वी होळीला मी ती पुरणपोळीबरोबर मांडली. पोळी तव्यावरची, वर साजूक तूप. आधी पोळीचा घास, मग दोन चमचे स्टाऊट. पुरणातलं जायफळ आणि बिअरमधली दालचिनी एकमेकींना ओळखतात, तूप जिभेवर थर देतं आणि हाबानेरो घशापर्यंत पोचतो तो नुसता उबदार होऊन. आमच्याकडे त्या दिवशी सात माणसं होती. कटाच्या आमटीला कुणी विचारलं नाही, याचा मला थोडा रागच आला.

प्रश्न : मी न्यू जर्सीत घरी बिअर बनवतो. १९ लिटरच्या लागरमध्ये आठ ताजे जलापेन्यो चिरून घातले. बिअरला गवताचा वास येतोय आणि फेस दोन मिनिटांत बसतो. आग मात्र नाहीच. बिया सगळ्या काढल्या होत्या, ते चुकलं का?

उत्तर : बियांचं सोडा. तिखट बियांत नसतं, बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात तिच्यात असतं. तुम्ही बियांबरोबर ती शीरही खरवडून काढली असणार. म्हणजे मिरचीतून मिरची काढून टाकली आणि साल बिअरमध्ये घातलं.

गवताचा वास कच्च्या हिरव्या मिरचीचाच. ढोबळी मिरची चिरताना येतो तोच, पायराझिन नावाच्या द्रव्यांचा. लागरसारख्या स्वच्छ बिअरमध्ये त्याला लपायला जागा नाही. उपाय एकच, भाजा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये इथे या म्हणजे दाखवते. किराणा दुकानांबाहेर लोखंडी जाळीचे पिंप असतात, खाली गॅसची ज्वाळा, आत पोतंभर हॅच गावची हिरवी मिरची. माणूस पिंप फिरवतो, मिरच्या तडतडतात, साल काळं पडून पापुद्र्यांनी उडतं आणि सगळ्या पार्किंगमध्ये असा वास सुटतो की गाडीच्या काचा लावून घ्याव्यात की उघडाव्यात, सुचत नाही. आमच्या राज्याने तर १९९६ साली ‘लाल की हिरवी?’ हा राज्याचा अधिकृत प्रश्न म्हणून जाहीर केला आहे. हॉटेलात बसलं की वेटर तोच विचारतो. दोन्ही हव्या असतील तर ‘ख्रिसमस’ म्हणायचं.

मी १९ लिटरला पाच जलापेन्यो घेते. गॅसवर वांगं भाजतो तसे भाजायचे, साल पुसून काढायचं, शीर ठेवायची. किण्वन जवळजवळ संपलं की स्वच्छ पिशवीत बांधून सोडायचे आणि रोज चमचाभर चाखायचं. मला हवं तिथे साधारण चौथ्या दिवशी येतं. पाचव्या दिवशी पिशवी बाहेर, मोह झाला तरी.

फेसाचं म्हणाल तर तेलाने फेस मरतो. चिरलेल्या मिरचीला तेलाचं बोट लागलं होतं का? आपला हात सवयीने बाटलीकडे जातो. ते नसेल तर थोडा गव्हाचा माल्ट वाढवा, त्यातल्या प्रथिनांनी फेस टिकतो.

आणि हातमोजे. मी एकदा हाबानेरो चिरून, साबणाने दोनदा हात धुऊन, मग डोळ्यातली लेन्स काढली होती. याहून जास्त लिहीत नाही.

प्रश्न : बाईमाणसाने बिअरवर लिहावं का?

उत्तर : लिहिलं की.

प्रश्न : डॅलसहून. सुक्या लाल मिरच्या घालून स्टाऊट केली. तिखट बेताचं, फेस छान, पण मागून मातकट वास येतो, बंद खोलीचा. मित्र म्हणतात यीस्ट बिघडलं. टाकून द्यावी का?

उत्तर : यीस्टला बोल लावण्याआधी मिरच्यांचं पाकीट आणा आणि उरलेली एक मिरची मोडून बघा.

हे मला शिकवलं आमच्या आप्पांनी, म्हणजे वडिलांनी. ते ७८ वर्षांचे असताना एकदाच इथे आले, नेमके मिरचीच्या हंगामात. फिरतं पिंप बघून म्हणाले, ‘फुटाणेवाला बरा, निदान साल खायला देतो.’ आप्पा पीत नाहीत, माझ्या गॅरेजमध्ये पायही ठेवायचा नाही असं ठरवून आले होते. पण त्या आठवड्यात माझ्या स्टाऊटला असाच मातकट वास येत होता. मी दोन दिवस यीस्टचं तापमान, पाण्यातले क्षार असलं काहीबाही तपासत बसले होते, नोकरीच ती ना. तिसऱ्या दिवशी ते दारात आले, हात मागे बांधून. म्हणाले, ‘आण इकडे.’ मी ग्लास पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला नाही, मान वाकवून नुसतं हुंगलं. अडतीत पोत्यातून मिरची काढून, देठ मोडून, हुंगून भाव सांगायचे, तसंच. एकदाच, लांब.

‘खालच्या पोत्यातली आहे. ओली असताना भरलीय.’

मी म्हटलं, आप्पा, पाकीट चांगल्या दुकानातलं, बंद होतं. त्यांनी उरलेलं पाकीट मागवलं. मिरच्या वरून लखलखीत लाल, एक डाग नाही. त्यांनी एक नखाने उभी फाडली आणि उन्हात धरली. आत शिरेच्या कडेने कापसासारखी राखाडी लव. दुसरी फाडली, तिच्यातही. बाहेरून मिरची वाळलेली दिसते पण देठाजवळ ओल राहते, आणि बुरशी आतून धरते. म्हणून ते देठ मोडायचे, एवढी वर्षं मला वाटायचं सवय आहे.

तुमच्या मिरच्या आतून स्वच्छ निघाल्या तर महिनाभर थांबून पुन्हा चाखा. लव दिसली तर बिअर ओतून टाका. अशा बुरशीतली काही विषं उकळूनही जात नाहीत, आणि १९ लिटरची हळहळ दोन दिवसांत ओसरते. मी माझी सगळी ओतली. बादली घेऊन मागच्या अंगणात निघाले तर आप्पा मागून म्हणाले, ‘झाडांना घालू नको गं. त्यांनी काय केलंय तुझं.’